नावापुढचे तीन ठिपके

"मॅडम, तुमच्या साईटवर एकच पोरगी दोन-दोन यादीत कशी काय दिसून राहिली?"

लातूरहून बिरादार मॅडमचा फोन होता. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी नांदेडच्या आमच्या ऑफिसात नुकता लॅपटॉप उघडला होता. बिरादार मॅडम लातूरच्या एका मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर. अकरावी-बारावीसाठी गावोगावहून लातूरला येणाऱ्या मुली तिथं राहतात. शिस्त कडक, जेवण बरं, कॉलेज चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे तिथं नंबर लागावा म्हणून आईबाप देव पाण्यात घालून बसतात. या हॉस्टेलची प्रवेशाची वेबसाईट आमच्या कंपनीनं बनवली होती. कंपनी म्हणजे आमचे गादेवार सर, मी आणि दोन टेबलं. थोडक्यात, वेबसाईट मीच बनवली होती.

"कुठली मुलगी, मॅडम?"

"सूर्यवंशी ज्ञानेश्वरी. तालुका लोहा. निवड यादीत तीच, वेटिंगलाबी तीच. तिचे वडील सकाळी आठपासून माझ्यासमोर बसलेत. म्हणतात, आमची सीट द्या. मी म्हणते, तुमचा अर्ज नंबर वेटिंगचा हाय. ते मोबाईल पुढं करून राहिले. आता तुम्हीच सांगा, मी कोणाचं खरं मानू?"

मी साईट उघडली. माझ्या लॅपटॉपवर सगळं लख्ख दिसत होतं. निवड यादीत सूर्यवंशी ज्ञानेश्वरी मारोती. प्रतीक्षा यादीत सूर्यवंशी ज्ञानेश्वरी बालाजी. गाव एकच, आडनाव एकच, मुलीचं नावही एकच. वडील वेगळे.

"मॅडम, या दोन वेगळ्या मुली आहेत. वडिलांचं नाव वाचा ना."

"काय वाचू? वडिलांचं नावच न्हाई इथं. तीन ठिपके हायेत."

मी त्यांना मोबाईलचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटो आला. काच तडकलेला जुना मोबाईल, त्यावर आमची साईट. दोन्ही याद्यांत हुबेहूब एकच ओळ: सूर्यवंशी ज्ञानेश्वरी आणि पुढं तीन ठिपके. नवल म्हणजे ठिपक्यांच्या पुढं बोटभर जागा रिकामी होती. 'मारोती' काय, तिथं आख्खा 'पांडुरंग' मावला असता. ते ठिपके साईटवर आपोआप उगवलेले नव्हते. ते मी टाकले होते.

हे नीट समजायला थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण थोडकंच आहे.

लग्नपत्रिका छापताना नावं आधी माहीत असतात. नाव लांब असलं तर छापणारा अक्षर बारीक करतो, नाहीतर दोन ओळी करतो. वेबसाईटचं तसं नसतं. मी पान बनवते तेव्हा त्यात कुणाचं नाव येणार हे मला माहीत नसतं. नावं मागाहून येतात, अर्ज भरले जातील तशी. कधी 'कदम उषा राम' येतं, कधी 'सूर्यवंशी ज्ञानेश्वरी बालाजी' येतं. याला आम्ही डायनॅमिक टेक्स्ट म्हणतो. चौकट आधी बनते, मजकूर नंतर येतो आणि तो चौकटीत बसलाच पाहिजे अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

त्यातून आमचे गादेवार सर. सर मूळचे देगलूरचे. घरात तेलुगू, बाजारात कन्नड, ऑफिसात मराठी, आणि रागावले की तिन्ही. साईट बनत असताना ते माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले होते, "शुभांगी, सगळे कार्ड एका उंचीचे पाहिजेत बरं का. एक लांब, एक बुटकं असं नको. लोक म्हणतील, नांदेडवाल्यांना येत न्हाई." एकेका मुलीचं नाव-गाव ज्या चौकटीत दिसतं तिला आम्ही कार्ड म्हणतो. सरांना कार्डातलं नाव एका ओळीत हवं होतं. मग लांब नाव आलं की ते तोडायचं आणि पुढं तीन ठिपके द्यायचे, असं ठरलं. मला ते तेव्हा मुळीच खटकलं नाही. उलट मोबाईलवर कार्डं ओळीनं छान दिसत होती.

प्रश्न एवढाच होता की नाव तोडायचं कुठं. सोपा मार्ग म्हणजे अक्षरं मोजायची आणि अमक्या अक्षरांनंतर कात्री लावायची. इंग्रजीत हे बऱ्यापैकी चालतं. मराठीत चालत नाही. 'ज्ञानेश्वरी' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराची खूण असं सगळं सुटंसुटं मोजतो, त्याच्या हिशेबी ती अकरा होतात. 'कमल' मात्र त्यालाही तीनच. अशा मोजणीवर जागेचा अंदाज बांधला तर फसगत ठरलेली.

म्हणून मी अक्षरं मोजलीच नाहीत, रुंदी मोजली. पानावर एक न दिसणारा डबा ठेवायचा, त्यात नाव टाकायचं आणि ब्राउझरला विचारायचं, बाबा रे, हे किती रुंद झालं? तो बरोबर सांगतो. कार्डात मावत असेल तर नाव तसंच दाखवायचं. मावत नसेल तर शेवटचं अक्षर काढायचं, परत मोजायचं. असं मावेपर्यंत. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मला या कामाचा गर्व होता, खोटं कशाला सांगू. विष्णुपुरीच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथं जाऊन पोरांना ही युक्ती फळ्यावर काढून दाखवून आले होते. टाळ्याही घेतल्या होत्या.

आता त्या युक्तीनंच घात केला होता, आणि कसा ते मला कळत नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर नाव पूर्ण, माझ्या मोबाईलवर पूर्ण. मग लातुरातल्या त्या मोबाईलवर जागा असूनही तुटलेलं का? मी ब्राउझरमधलं जुनं साठलेलं सगळं पुसलं आणि नेट मुद्दाम मंद करून पान उघडलं. तशी सोय असते आमच्याकडं. पान हळूहळू उघडत गेलं. आधी नावं जाड, पसरट अक्षरांत आली, लगेच तुटली, ठिपके लागले. मग दोन-तीन सेकंदांनी अक्षरं सडपातळ झाली. ठिपके जिथल्या तिथं राहिले. पुढं रिकामी जागा.

मग डोक्यात उजेड पडला. फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण. आमच्या साईटचा फॉन्ट सडपातळ होता, पण तो मोबाईलमध्ये आधीपासून नसतो. पान उघडलं की तो मागून, वेगळा उतरतो. नेट मंद असलं तर तो यायच्या आत मोबाईल स्वतःच्या फॉन्टात नावं दाखवतो. माझी मोजणी नेमकी तेव्हाच होत होती. मोजलं गेलं पसरट अक्षर आणि दिसलं सडपातळ. शिंप्यानं थोरल्या बहिणीच्या मापानं धाकटीचा ड्रेस बेतावा, तसा प्रकार. माझ्या ऑफिसात नेट जोरात, फॉन्ट आधीच उतरलेला, त्यामुळे मला ही चूक दिसायचं कारणच नव्हतं. मी महिनाभर साईट तपासली होती ती नांदेडात, फॅनखाली बसून. जी माणसं ती उघडणार होती त्यांच्या गावातल्या नेटवर एकदाही नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. खरं तर फॉन्ट आल्यावर मोजायचं, एवढं केलं तरी पुरलं असतं. पण मी आणखी एक गोष्ट बघितली आणि मलाच माझी लाज वाटली. आपल्याकडं अर्जात आडनाव आधी लिहितात, मग मुलीचं नाव, शेवटी वडिलांचं. मी कात्री नेहमी शेवटून लावत होते. म्हणजे तुटायचं ते दर वेळी बापाचंच नाव. ज्या गावात आख्खी आळी एका आडनावाची असते, तिथं माणूस ओळखू येतो तो बापाच्या नावावरून. मी तेच उडवत होते, तेही दिसायला बरं म्हणून. मी तोडण्याचा भागच काढून टाकला. लांब नाव दोन ओळींत जाऊ दे, कार्ड वाढू दे.

सर मागं येऊन उभे राहिले. "हे काय? कार्ड वर-खाली झाले की!"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन-चार कार्डं खाली-वर सरकवून बघितली. मग म्हणाले, "ठीक हाय. झालं ना दुरुस्त? फोन करून सांग त्यांना."

मी फोन केला. बिरादार मॅडमनी पान परत उघडलं, दोन्ही नावं पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, "आता दिसलं. पण मॅडम, गंमत वेगळीच हाय. ज्या पोरीची सीट हाय, मारोतीची, ती आलेलीच न्हाई. आज शेवटचा दिवस. पाचला रजिस्टर बंद. पाचनंतर सीट पुढच्या नंबरला जाते, आमच्या ट्रस्टचा नियम हाय."

"त्यांना फोन करा ना."

"केला की. अर्जावर नंबर हाय तो मल्टिसर्व्हिसेसवाल्याचा. तो म्हणतो, मी नांदेडला कागद आणायला आलो, दुकान बंद हाय, त्यांचं गाव माझ्यापासून लांब. या बसलेल्या बालाजीरावांकडं मारोतीचा नंबर असंलच. एकाच भावकीचे हायेत. मागितला, तर देऊन न्हाई राहिले. म्हणतात, आधी आमचा फैसला करा."

हे मल्टिसर्व्हिसेसचं प्रकरण गावाकडच्यांना सांगायला नको. ऑनलाईन अर्ज तिथंच भरतात, ओटीपी पटकन मिळावा म्हणून दुकानदार स्वतःचाच नंबर टाकतो. मग निवडीचा मेसेज जातो दुकानदाराला. असे मेसेज त्याला ढिगानं येतात. तो तरी कुणाकुणाला निरोप देणार? म्हणजे मारोती सूर्यवंशींना निवड कळण्याचा एकच मार्ग उरला होता, आमची साईट. आणि साईटनं त्यांना तीन ठिपके दाखवले होते.

मी फोन ठेवला आणि सरांना म्हणाले, "सर, गाडीची किल्ली द्या. मी लोह्याला जाते. तिथून त्यांना घेऊन लातूरला."

"अगं, आपण सॉफ्टवेअर देतो. माणसं पोचवायचं काम आपलं हाय का?"

"त्या मुलीची सीट आपल्यामुळं जायला लागलीय."

"आपल्यामुळं कामून? मोबाईल त्यांचा, नेट त्यांचं, नंबर मल्टिसर्व्हिसेसवाल्याचा."

"नाव मी तोडलं, सर."

सर टेबलावर बोटं वाजवत राहिले. त्यांचाही मुद्दा अगदीच चूक नव्हता. चूक कबूल केली की क्लायंट पुढचं काम देताना दहादा विचार करतो, आणि आमची कंपनी दोन टेबलांची. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. "सरे," ते म्हणाले. तेलुगूत याचा अर्थ ठीक आहे, जा. "पण काही लिहून देऊ नको तिथं. तोंडी काय सांगायचं ते सांग."

नांदेडहून लातूरला जायचा रस्ता तसाही लोह्यावरूनच जातो. साडेअकराला निघाले. लोह्याच्या पुढं आतल्या रस्त्याला वळून गावात पोचेपर्यंत पाऊण वाजला. पारावरच्या माणसांना मारोती सूर्यवंशींचं घर विचारलं तर त्यांनी हात केला, "गिरणीवाले मारोती ना? त्यो आवाज येतोय बगा, तिथं जावा."

पत्र्याच्या खोलीत पिठाची गिरणी चालू होती. आत एक किरकोळ माणूस, भुवयांपासून पायापर्यंत पांढरा. मी ओरडून सांगितलं की मी नांदेडहून आलेय, हॉस्टेलची वेबसाईट मी बनवते, तुमच्या मुलीचा नंबर लागलाय. त्यांना गिरणीच्या आवाजात ऐकू गेलं नाही. त्यांनी हातानं खूण केली, थांबा. गिरणीत कुणा म्हातारीची ज्वारी होती, म्हातारी स्वतः ओट्यावर बसून होती. अर्धं दळण सोडून ते उठणार नाहीत हे उघड दिसत होतं. मी घड्याळ बघत उभी राहिले. त्या ज्वारीवर मी इतकी चिडले की त्याची मला आज लाज वाटते.

दळण झालं, पट्टा थांबला. मी परत सगळं सांगितलं. मारोतरावांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे मान हलवली.

"न्हाई ताई. ती आमची न्हाई. ती बालाजी भाऊंची ज्ञानेश्वरी."

"अहो, मी सांगते ना. निवड यादीत तुमचं नाव आहे."

"आमी बघितली यादी. एक नाव निवडीत, एक वेटिंगला. भाऊ थोरल्या घरचे, गावचे पोलीस पाटील. त्यांचीच लागली असंल. पेढेबी वाटले त्यांनी."

"पण तुम्ही हॉस्टेलला विचारायचं ना एकदा!"

"इचारून काय करू? गावात झालं असतं, मारोतीला भावकीचं चांगलं बघवंना म्हणून."

मी काही बोलणार एवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "मी म्हणलं होतं आण्णांना. माझे मार्क जास्त हायेत."

सोळा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हातात पिठाची चाळण. तिला दहावीला ब्याण्णव टक्के होते आणि थोरल्या घरच्या ज्ञानेश्वरीला नव्वद. दोघी एकाच वर्गात, दोघींना एकमेकींचे मार्क पाठ. यादी मार्कांवर लागते हे तिला माहीत होतं. तिनं पहिल्याच दिवशी हिशेब बरोबर मांडला होता आणि बापाला सांगितलाही होता. बापानं म्हटलं होतं, थोरल्या घराशी बरोबरी करायची न्हाई. मग ती तीन दिवस गप्प राहिली होती.

मी माझा मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं यादी खाली सरकवली. आता नाव दोन ओळींत होतं. पहिल्या ओळीत सूर्यवंशी ज्ञानेश्वरी, दुसऱ्या ओळीत एकटंच मारोती. तिनं ते मोठ्यानं वाचलं. आडनाव नाही, स्वतःचं नाव नाही, नुसतं "मारोती". बापानं मोबाईल हातात घेतला, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून बघितलं. पिठाचा अंगठा काचेवर उमटला. काम माझं असं आहे की माझी अक्षरं वाचणारं माणूस मला कधी समोर दिसत नाही.

मुलीची आई बाहेर आली आणि मला आपादमस्तक बघून म्हणाली, "तुमी कोण? न्हाई म्हंजे, लेकरू कोणाच्याबी गाडीत कसं घालावं?" रास्त प्रश्न होता. मी बिरादार मॅडमना फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्या दोघी बोलल्या. फोन परत देताना आई म्हणाली, "हाव. जावा मग. फाईल तयारच हाय तिची." मुलीनं कागदांची फाईल पहिल्या दिवसापासून तयार ठेवली होती. मारोतरावांनी हात-तोंड धुतलं, शर्ट बदलला, आणि आम्ही निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता.

अहमदपूर आलं. मग मारोतरावांनी विचारलं, "ताई, हे ठिपके कामून आले होते?" मी त्यांना फॉन्टचं सगळं सोपं करून सांगितलं. नाव आधी मोजलं गेलं, खरं अक्षर नंतर आलं, असं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे धान्य यायच्या आत माप लावलं तुमी." मी म्हटलं, हो, तसंच. चाकूरपर्यंत मी त्याच वाक्याचा विचार करत होते. मी कॉलेजातल्या पोरांना तासभर जे सांगितलं होतं, त्यात हे एवढंच राहून गेलं होतं.

पावणेचारला हॉस्टेलवर पोचलो. ऑफिसच्या बाहेर बाकावर बालाजीराव बसले होते. भारदस्त माणूस, पांढरा शर्ट, दाढी नुकती केलेली. शेजारी त्यांची ज्ञानेश्वरी, आणि पायाशी दोरीनं बांधलेली नवी कोरी गादी, स्टीलची पेटी, बादली. आम्हाला बघून ते उठले नाहीत. दोन्ही मुलींनी एकमेकींकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

बिरादार मॅडमनी आधी काम केलं. फाईल बघितली, अर्ज क्रमांक जुळवला, रजिस्टरमध्ये मुलीची सही घेतली. मग माझ्याकडं वळल्या. "आता तुम्ही यांना सांगा. माझ्यावर विश्वास न्हाई त्यांचा."

मी बालाजीरावांच्या समोर उभी राहिले. रस्ताभर जुळवलेली वाक्यं होती. फॉन्ट, नेट, ब्राउझर. ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "चूक माझी आहे. नाव पूर्ण दिसायला पाहिजे होतं. मी तोडलं. सीट पहिल्यापासून मारोतरावांच्या मुलीची होती."

त्यांनी एकदा शेजारच्या आपल्या मुलीकडं बघितलं. मग म्हणाले, "ताई, मी गावभर पेढे वाटले."

कार्ड दहा मिनिटांत दुरुस्त करता येतं, वाटलेले पेढे परत घेता येत नाहीत. त्या माणसाला संध्याकाळी त्याच गावात, त्याच पारावरून घरी जायचं होतं.

बिरादार मॅडमनी एक कोरा कागद पुढं केला. वाद झाला की ट्रस्टच्या फायलीला कारण लागतं. "तुमच्याकडून लेखी पाहिजे, काय घोटाळा झाला ते." मला सरांचं वाक्य आठवलं. मी पेन घेतलं आणि लिहिलं की यादीतली नावं आमच्या साईटच्या चुकीमुळे अपुरी दिसली, हॉस्टेलची किंवा दोन्ही पालकांची यात काही चूक नाही. खाली पूर्ण सही केली. कागदाची एक प्रत मॅडमना दिली आणि दुसरी बालाजीरावांना. गावात दाखवायला त्यांच्या हातात काहीतरी असावं, एवढंच मला सुचलं. त्यांनी ती घडी करून वरच्या खिशात ठेवली.

मुलीला खोली दाखवायची वेळ झाली तेव्हा मॅडमनी विचारलं, "अंथरूण कुठाय?" मारोतराव गोंधळले. घाईत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीच्या हातात नुसती फाईल होती.

तेव्हा बालाजीराव बाकावरून उठले. त्यांनी गादी उचलली आणि मारोतरावांसमोर ठेवली.

"ही राहू दे तिला."

"न्हाई भाऊ, ती आपल्या ज्ञानेश्वरीची हाय."

"तीबी आपलीच ज्ञानेश्वरी हाय." मग दुसरीकडं बघत ते म्हणाले, "मारोती, तुझा नंबर हाय माझ्याकडं. सकाळपासून मागून राहिल्या होत्या मॅडम. मी दिला न्हाई."

मारोतरावांनी गादीची दोरी हातात घेतली. "माझ्याकडंबी तुमचा हाय, भाऊ. तीन दिस झाले, मीबी लावला न्हाई."

दोघांनी एकेक टोक धरलं आणि गादी जिन्यानं वर नेली.

परत येताना माझ्या गाडीत तिघांऐवजी चौघं होतो. बालाजीराव पुढं, त्यांची मुलगी मागं पेटी-बादलीबरोबर, आणि मारोतराव तिच्या शेजारी. वेटिंग पुढं सरकलं नाही. त्या मुलीनं अहमदपूरच्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि रोज एसटीनं जाऊ-येऊ लागली, असं मला नंतर बिरादार मॅडमकडून कळलं. माझ्या दुरुस्तीनं तिचं काहीच भलं झालं नाही. खरं तर माझी चूक नसती तर तिला तीन दिवस खोटी आशाही लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सरांनी पहिला प्रश्न विचारला, "लिहून दिलंस?"

"हो."

"सही?"

"पूर्ण नावानं."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सरे." हॉस्टेलचं काम आमच्याकडंच राहिलं. ते त्या कागदामुळं की कागद असूनही, मला माहीत नाही.

धंद्यातल्या नव्या पोरांनी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगते. पहिली: अक्षर पूर्ण उतरल्याशिवाय माप घेऊ नका, आणि ते माप लोह्याच्या पुढच्या गावातल्या नेटवर घ्या, ऑफिसात नको. दुसरी: माणसाचं नाव मावत नसेल तर चौकट मोठी करा. कार्डं ओबडधोबड दिसतात. गिऱ्हाईक कुरकुरतं. पण ओबडधोबड दिसण्यानं अजून तरी कुणाला पारावरून मान खाली घालून जावं लागलेलं नाही.